गॅस गिझर लावताय? आधी बादली आणि घड्याळ घ्या

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये मी गेली वीस वर्षं प्लंबिंग करतोय. ‘गिझर चालत नाही’ म्हणून मला बोलावलं जातं, तेव्हा गिझर बहुतेक वेळा धडधाकट असतो. चूक असते पाण्याच्या लाइनीत. म्हणून इथे ड्रिल, स्क्रू, टेफलॉन टेप वगैरेवर मी वेळ घालवणार नाही.

जागेचं आधी सांगतो. न्हाणीघरात गॅस गिझर लावायचा नाही. खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन आहे, वरच्या मजल्यावर दहा वर्षं चाललाय, यातलं काहीही मी ऐकून घेत नाही. बंद खोलीत ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि दाराची कडी आतून लावलेली असते. गिझर ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या उघड्या गॅलरीत लावा, किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा. धुराचा पाइप उघड्या हवेत काढा. ज्या डक्टमध्ये शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात, तिथे सोडू नका. घरात अशी जागाच नसेल तर गॅसचा नाद सोडा आणि ३ किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गिझर घ्या. तो २५ अंशांनी तापवलेलं पाणी मिनिटाला साधारण पावणेदोन लिटर देतो. बादली भरायला आठ-नऊ मिनिटं लागतात, पण जिवाला घोर नाही.

पाइप गॅसचा गिझर वेगळा, सिलिंडरचा वेगळा; दोन्हींची नोझल, म्हणजे गॅस सोडणारी तोंडं, वेगळी असतात. विकत घेतानाच तपासा. मुंबईत पाइप गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीच्या लाइनीला फाटा काढायचा असेल तर त्यांच्याच अधिकृत माणसाला बोलवा. तिथे ना मी हात लावतो, ना तुम्ही लावायचा.

आता पाणी. गॅस गिझरच्या आत एक रबरी पडदा असतो. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्यावर पडला की तो सरकतो, गॅसची वाट उघडते आणि बॅटरीची ठिणगी पडून ज्योत पेटते. जोर कमी पडला की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. गिझर बनवलाच तसा आहे, कारण पाणी न वाहता ज्योत चालू राहिली तर आतली तांब्याची नळी जळेल.

हे मला कळायला एक अख्खा हिवाळा गेला. दादरला पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर गिझर लावला होता. पेटायचा, दहा सेकंदांत विझायचा. मी बॅटऱ्या बदलल्या, गिझर बदलून आणला, तरी तेच. घरातल्या आजी रोज सकाळी स्टोव्हवर पातेलं चढवायच्या आणि मला फोन करायच्या. शेवटी गच्चीवर चढलो. टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंत जेमतेम ३ मीटर उंची. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे इथे ०.३ बार. त्यातही अर्ध्या इंची पाइपाला सात एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे जोड. प्रत्येक एल्बो थोडा जोर खातो. टाकीपासून पाऊण इंची स्वतंत्र लाइन काढली, एल्बो तीनवर आणले, आणि तोच गिझर पहिल्या फटक्यात पेटला.

म्हणून गिझर घेण्याआधी, जिथे आंघोळ करता तोच नळ पूर्ण उघडा आणि १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. ५ मिनिटं लागली तर मिनिटाला ३ लिटर; त्याहून हळू भरत असेल तर आधी लाइन सुधारा. गिझरच्या पुस्तिकेत किमान प्रवाह आणि प्रेशर छापलेलं असतं, त्याच्याशी हा आकडा ताडून बघा. स्वतंत्र लाइन शक्य नसेल तर प्रेशर पंप, पण सोसायटीच्या सामाईक डाउनटेकवर, म्हणजे गच्चीच्या टाकीतून सगळ्या घरांना खाली येणाऱ्या पाइपावर, थेट पंप बसवू नका. शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी तुम्ही ओढाल.

दुसरी गोम मिक्सरची, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाची. गरम पाणी फार तापलं म्हणून आपण थंडाचा नळ वाढवतो. थंडाचं प्रेशर जास्त असलं की ते गरम लाइनीला मागे दाबतं, गिझरमधला प्रवाह घटतो आणि ज्योत विझते. डोक्यावर एकदम थंड पाणी! मे महिन्यात टाकीच तापलेली असते, तेव्हा ही तक्रार सर्वांत जास्त येते. उपाय असा: मिक्सरखालचा थंडाचा अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपाच्या तोंडावरचा छोटा बंद-चालू नळ) थोडा आवळा, गरमाचा पूर्ण उघडा ठेवा, आणि पाणी कोमट करायचं ते गिझरच्या गॅसच्या नॉबनेच करा. ‘प्रेशर वाढवा’ म्हणून थंडाचा कॉक पूर्ण उघडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याने दुखणं वाढतं.

गरम पाण्याची लाइन छोटी ठेवा. ३० फूट अर्ध्या इंची पाइपात लिटरभर गार पाणी साचून असतं आणि प्रत्येक आंघोळीला ते आधी सोडून द्यावं लागतं. गरमाला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाइप चालतो, थंड पाण्याचा साधा पांढरा यूपीव्हीसी नाही. तो उष्णतेने मऊ पडतो. गिझरच्या तोंडाला थेट प्लॅस्टिक न जोडता आधी फूटभर धातूचा तुकडा किंवा स्टीलच्या तारांनी विणलेली ब्रेडेड होज (लवचीक नळी) लावा. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी अँगल कॉक हवाच, कारण पुढची सगळी देखभाल त्याच्यावर आहे.

गिझर ठोका, ज्योतीची खिडकी डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. आधी पाणी सोडून गळती बघा, मग गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर गॅस बंद करा आणि गॅसवाल्याला बोलवा. काडी पेटवून तपासणारे अजून भेटतात. अशा माणसाला घरात पाऊल ठेवू देऊ नका.

गिझरच्या थंडाच्या तोंडात रुपयाच्या नाण्याएवढी जाळी असते. सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्याच दिवशी तो अँगल कॉक बंद करून ही जाळी काढून बघा. त्यावर तांबूस गाळ आणि गंजाच्या पापुद्र्यांचा थर बसलेला असतो. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासा आणि परत बसवा.