मिशनच्या बदलीआधी गरजू मित्रांसाठी मदत कशी जमवावी

मिशनच्या कामावर कोकणात आलेला माणूस तीन-चार वर्षांत इथला होऊन जातो. माशांची पाटी घेऊन दारावर येणारी मावशी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली ताई आणि तिचा बारावीतला मुलगा, बोटीवर पाठ धरलेला शेजारचा दादा, ही त्याची जवळची माणसं होतात. मग बदलीचं पत्र येतं. परदेशातून आलेला असेल तर मायदेशी परतायची तारीख ठरते. आणि शेवटच्या पंधरवड्यात, सामान बांधता बांधता, त्याला वाटू लागतं की या माणसांसाठी काहीतरी करून जावं.

दापोलीकडच्या किनाऱ्यावर मिशनच्या दवाखान्यात काम करताना अशा निघणाऱ्यांबरोबर मी पुष्कळदा मदत जमवली आहे. ‘निरोप समारंभात डबा फिरवा’ आणि ‘एक चांगला फोटो टाका, पैसे येतातच’ हे दोन सल्ले मला आता ऐकवत नाहीत. डब्यात पन्नास-शंभराच्या नोटा पडतात आणि ज्याच्यासाठी त्या पडल्या तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेला असतो. असं करू नका.

वेळ

निघण्याआधी किमान दोन महिने हातात ठेवा. शिवाय कोकणातली गरज कधी येते ते बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. खलाशाच्या आणि मासे विकणारीच्या घरात त्या काळात पैसा येत नाही, आणि नेमकी तेव्हाच शाळा-कॉलेजची फी, वह्या, एसटीचा पास. त्याआधी मे महिन्यात घर शाकारायचं असतं. म्हणून छपराचे पैसे मेच्या सुरुवातीला आणि बाकीचे मेअखेर हातात हवेत.

मागायचं ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झाल्यावर. गणपती आणि शिमग्याच्या तोंडावर मुंबईच्या चाकरमान्यांना विचारू नका. त्यांचा पैसा गावी येण्या-जाण्यात आणि सणात गेलेला असतो.

आधी सरकारी योजना

ऑपरेशनसाठी मागण्याआधी ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. विधवा आणि निराधार असतील तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तुम्ही गावात असतानाच भरून घ्या. मित्रांकडे मागा ते योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी: मिरज-कोल्हापूरला जायचं भाडं, सोबत राहणाऱ्याचं जेवण, बुडालेली मजुरी.

ज्याच्यासाठी मागायचं त्याच्याशी बोलणं

मला सगळ्यात जड गेलेली पायरी ही. सल्ले देणारे बहुतेक जण हिच्याबद्दल एक अक्षरही काढत नाहीत.

कोकणी माणूस उसने घेईल, दागिना गहाण ठेवील, पण ‘माझ्यासाठी चार लोकांकडे शब्द टाका’ हे तोंडातून काढणार नाही. त्याच्या मनात फक्त लाज नसते. वाडी लहान असते आणि भावकी मुंबईभर पसरलेली. तुम्ही दादरच्या ओळखीच्या माणसाला पाठवलेला मेसेज ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर जातो आणि संध्याकाळपर्यंत परत वाडीत येतो. त्या घरात मुलीचं लग्न जमत असेल तर घरावरचं कर्ज तिच्या होणाऱ्या सासरच्यांनीही वाचलेलं असतं. तुम्ही तर पुढच्या महिन्यात निघून जाणार. त्या घराला तिथेच राहायचं आहे.

म्हणून त्यांच्या घरी जाऊन बोला. दवाखान्यात किंवा ऑफिसात बोलावून घेऊ नका, तिथे तुम्ही देणारे आणि ते घेणारे होऊन बसता. एकटे जा, बाजार उरकल्यावर दुपारी जा. ‘मदत’ या शब्दाने सुरुवात करू नका. ‘जूनमध्ये कशाची अडचण पडेल?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. पहिलं उत्तर ‘आमचं चाललंय हो’ हेच येणार. ते शेवटचं धरू नका, पण ताणूही नका. दोन-चार दिवसांनी पुन्हा जा.

गरज काय आहे, हे तुम्ही ठरवू नका. पाठ धरलेल्या एका खलाशासाठी आम्ही सगळे औषधोपचाराचा खर्च मनात धरून बसलो होतो. त्याला हवं होतं ते वेगळंच. हंगामाआधी बोटीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडायची होती, कारण ती फिटल्याशिवाय त्याला बोटीवर जायला नाही म्हणता येत नव्हतं आणि बोटीवर गेल्यावर पाठ बरी होणार नव्हती. आमची औषधं त्याच्या काही कामाची नव्हती. दुसऱ्या घरात छपरापेक्षा पतपेढीत गहाण पडलेल्या दागिन्याचं व्याज जास्त बोचत होतं. विचारल्याशिवाय हे कुणाला कळणार?

रक्कम त्यांच्यासमोर कागदावर लिहा, बाबीनुसार. फी इतकी, पास इतका, छपराचे पत्रे इतके. मग मेसेज लिहा आणि पाठवण्याआधी त्यांना मराठीत पूर्ण वाचून दाखवा, तो पुढे इंग्रजीत जाणार असला तरी. ते म्हणतील ते वाक्य काढा, का म्हणून विचारू नका. आमच्या मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फोटू नको गो घालूस. आनि ह्यांच्या दारूचं काढ.” दोन्ही काढलं. मदत आली, कमी आली नाही.

चेहऱ्याचा फोटो मी कुणाचाच पाठवू देत नाही, लहान मुलांचा तर अजिबात नाही. फीची पावती आणि फुटलेल्या कौलांचा फोटो देणाऱ्याला पुरतो.

आणि त्या घरातून निघताना ‘परत गेल्यावर मी पाठवत राहीन’ असं म्हणू नका. मनापासून वाटलं तरी म्हणू नका. माणसं त्या वाक्यावर दुकानदाराकडे उधारी वाढवतात. ‘जमेल तेवढं जमेल, नाही जमलं तर तसं येऊन सांगेन’ एवढंच बोला. ते नको म्हणाले तर विषय तिथे संपवा. त्यांच्या मागे त्यांच्या नावाने मागणं हा विश्वासघात आहे.

पैसे कुठे घ्यायचे

स्वतःच्या खात्यात घेऊ नका. शक्यतो देणाऱ्याकडून थेट मित्राच्या खात्यात, फी असेल तर थेट कॉलेजात, पत्रे असतील तर दुकानात. घरात दारू असेल तर रोख कधीच नाही. देखरेखीला गावात राहणारी दोन माणसं नेमा, एक वाडीतलं आणि एक वाडीबाहेरचं.

रस्त्यावर किंवा अनोळखी लोकांत पावतीपुस्तक घेऊन फिरू नका. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळंही ती घेतात. तुम्ही ओळखीच्यांनाच विचारा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका व्यक्तीला वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती सगळीच करपात्र उत्पन्न धरली जाते, हे लक्षात ठेवून रक्कम ठरवा. व्यक्तीला दिलेल्या पैशावर देणगीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, तेही देणाऱ्याला आधीच सांगा.

परदेशातून आलेल्या सहकाऱ्यांनी इथे विशेष जपावं. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, रुपयांत दिली तरी, परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्याखाली येऊ शकते. ती बचत गटाच्या किंवा ग्रामस्थ मंडळाच्या खात्यात घेणं म्हणजे त्या भल्या माणसांना अडचणीत टाकणं. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाही असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मायदेशातल्या मित्रांना लिहिण्याआधी मिशनच्या हिशेबनिसांना भेटा. भारतीय पासपोर्ट असलेला, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवणारा दुबईतला रत्नागिरीकर मात्र या कायद्याने परदेशी ठरत नाही.

मागणं आणि वस्तू

एकेकाला नावानिशी लिहा, रक्कम आणि शेवटची तारीख द्या, एकदाच आठवण करा.

वस्तू मागू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीवाडीत लोक पत्रे आणि ताडपत्री शोधत होते आणि आमच्या पडवीत जुन्या कपड्यांची गाठोडी येत होती. तुमचा फ्रिज, कपाट विकून पैसे त्याच कामात घाला. दुचाकी कुणाला देत असाल तर आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करून द्या, मगच चावी द्या.

हिशेब

निघण्याआधी एक हिशेब आणि फी भरल्यावर दुसरा, पावत्यांसह, प्रत्येक देणाऱ्याला. दुसरा हिशेब गावातली दोघं पाठवतील, त्यांना देणाऱ्यांची यादी देऊन जा. पैसे उरले तर कुणाला द्यायचे हे मागतानाच मेसेजमध्ये लिहा, आणि कमी पडले तर आधी कोणती बाब भागवायची हे त्या घरालाच ठरवू द्या.