झिंग्यांचा पिंजरा कसा लावावा, आणि कधी लावू नये

कोल्हापूरजवळ भोगावती नदीच्या काठाला, बालिंगा गावाच्या वरच्या अंगाला आमचा झिंग्यांचा पट्टा आहे. आजोबा तिथं कळकाचे पिंजरे लावायचे, वडील लावायचे, आता मी लावतो. मधली चार वर्षं मात्र मी जास्तीचा शहाणपणा केला. मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना बांधून काठाकाठानं ओढायला लागलो. पहिल्या वर्षी बादल्या भरल्या. चौथ्या वर्षी एका सकाळची सगळी मेहनत तव्यावर परतली, तर उरली एक वाटी. बायकोनं वाटीत बोट फिरवून विचारलं, "अहो, हे झिंगं हायत का जिरं?" ती मच्छरदाणी त्याच दिवशी परत पलंगावर गेली. पुढं जे लिहितोय ते सगळं त्या वाटीनंतर शिकलेलं आहे.

आधी पिंजरा. आमच्या बुरडाला मी शाळेतली पेन्सिल दिली आहे. दोन कामट्यांच्या फटीतून ती अडकता कामा नये, सरळ निघाली पाहिजे. एवढी फट असली की बोटाच्या दोन पेरांहून लहान झिंगा रात्रीत आपला आपण निघून जातो, निवडायचंही काम वाचतं. बुरूड आधी कुरकुरला, कारण त्याला दाट विणायची सवय. गिऱ्हाईक आपण आहोत, आपण सांगायचं.

पिंजऱ्याचं मागचं दार सुतळीनं बांधा. नायलॉनची दोरी टिकते, तीच तिची खोड आहे. 2019 च्या महापुरात माझे सतरा पिंजरे गेले. खाली पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं पडली होती, तेव्हा पिंजऱ्यांच्या मागं कोण जाणार? पाणी ओसरल्यावर त्यातले दोन गाळात सापडले. नायलॉननं बांधलेल्या पिंजऱ्यात झिंग्यांची टरफलं आणि एक मेलेला खेकडा होता. आत अडकलेला मरतो, त्याच्या वासानं दुसरा येतो, तोही मरतो. सुतळीचं दार कुजून उघडलं होतं आणि पिंजरा रिकामा होता. तो परत वापरला.

आमिषाला शेंगपेंड आणि तांदळाचा कोंडा मळून लिंबाएवढा गोळा करतो. कोंबडीची आतडी घालणारे आहेत, पण त्यानं खेकडे गोळा होतात आणि झिंग्यांचाच फडशा पाडतात. दिवस मावळताना लावायचं, कारण झिंगा रात्री हिंडतो. उजाडायच्या आत काढायचं. उशीर झाला की नुकती कात टाकलेली मऊ झिंगी बाकीच्यांच्या तोंडी जातात.

आता निवड. खरं काम इथंच आहे आणि हेच माणसं घाईत करतात. पिंजरा काठावर आणून पाटीत रिकामा करू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहून, पाटी अर्धी बुडवून निवडायचं. प्रत्येक झिंगा पाठीकडून धरून उलटा करायचा. पोटाखाली द्राक्षाच्या घडासारखा पुंजका दिसला तर ती अंड्यावरची मादी, तिला परत सोडायची. ताजी अंडी गडद आणि एकजीव दिसतात. पिल्लं निघायच्या बेतात आली की अंडं फिकं पडतं आणि प्रत्येकात दोन बारीक काळे ठिपके दिसतात. ते पिल्लाचे डोळे. पहिल्यांदा नीट बघितले तेव्हा मी पाण्यातच थांबून राहिलो होतो, मागून भाऊ ओरडतोय तरी. आमच्या नदीतल्या बारक्या झिंग्यांची पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात, लांब कुठं जात नाहीत. म्हणजे ज्या मुळीजवळ मादी सोडाल, तिथंच तुमचे पुढच्या सालचे झिंगे आहेत.

सोडायची पण रीत आहे. काठावरून मधल्या धारेत भिरकावली तर ती वामाच्या नाहीतर बगळ्याच्या पोटात जाते. वाळुंजाच्या, करंजाच्या मुळ्या जिथं पाण्यात उतरल्यात तिथं हात बुडवून सोडायची. म्हणून काठची झाडं तोडू देऊ नका. उसाची एक सरी जास्त निघावी म्हणून वाळुंज तोडणारे आमच्या भावकीतच आहेत, त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे.

मृग लागला की पिंजरे माळ्यावर. तिकडं समुद्रात 1 जून ते 31 जुलै बंदी असते. आमच्या नदीला तेव्हा पूर असतो, त्यामुळं निम्मी बंदी पाणीच पाळून घेतं. पण पुराच्या कडेनं गवतात शिरलेल्या माद्या हातानं वेचणारे असतात. त्या दिवसांत दहातल्या सात-आठ अंड्यावर असतात, हे मी स्वतः मोजलंय. आम्ही नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावत नाही.

म्हसोबाच्या डोहात तर बारा महिने नाही. जुनी माणसं तिथं जाळं टाकत नव्हती, आम्ही मधे सोडून दिलं होतं, आता परत धरलंय. पाच घरांनी मिळून ठरवलं. पाचव्या घराला पटवायला दोन वर्षं आणि एक बोकड लागला.

औषधाचं सांगायलाच हवं. झिंगा किड्यांच्याच जातकुळीतला, म्हणजे संधिपाद. त्यामुळं उसावर, भाजीवर मारायचं कीटकनाशक माशाच्या आधी झिंग्याला मारतं. सायपरमेथ्रिनसारखं औषध पाण्यात थोडं गेलं तरी पुरतं. फवारणीचा पंप नदीत धुऊ नका. धुतलेलं पाणी शेतातच, विहिरीपासून लांब ओता. मुद्दाम विष टाकून किंवा जिलेटीन उडवून मासे धरणं तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ब्लीचिंग पावडरची रिकामी पिशवी आमच्या काठाला सापडतेच.

मळीचं पाणी आलं तर झिंगा आधी सांगतो. पहाटे झिंगे काठाच्या दगडांवर चढून, निम्मे पाण्याबाहेर बसलेले दिसले की समजायचं, पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. एका उन्हाळ्यात वरच्या बाजूच्या एका कारखान्याचं पाणी आलं तेव्हा लोक बादल्या घेऊन धावले, फुकटचे झिंगे म्हणून. आम्हीही दोन बादल्या विकल्या आणि पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नाही. तसं करू नका. तारखेसह फोटो काढा, पाण्याचा रंग आणि वास लिहून ठेवा, ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा, नमुना त्यांच्या माणसासमोर घ्यायला लावा.

वहीत तीन आकडे पुरतात: पिंजरे किती लावले, वजन किती भरलं, अंड्यावरच्या किती सोडल्या. नुसतं वजन लिहाल तर फसाल. तीस पिंजऱ्यांत तीन किलो आणि साठ पिंजऱ्यांत तीन किलो, बाजारात सारखंच दिसतं.

कुणी सांगेल, मोठ्या नांग्यांच्या कोळंबीचं बी आणून नदीत सोडा. शेततळ्यात ठीक आहे, दरवर्षी बी विकत घ्यायची तयारी असेल तर. नदीत ती वंश वाढवत नाही, तिच्या पिल्लांना सुरुवातीला निमखारं पाणी लागतं. आमची नदी पूर्वेला जाते. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर एवढी धरणं ओलांडून बंगालच्या उपसागराची खाडी गाठायची आणि परत बालिंग्याला यायचं, हे त्या पिल्लाला कोण सांगणार?

शेवटचं काम पावसाच्या तोंडाला. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी काढणार ते पाटबंधारेवाल्यांना आधीच विचारून ठेवा आणि पिंजरे आदल्या दिवशी बाहेर घ्या. बरगे निघाले की पाणी एका रात्रीत उतरतं आणि काठच्या खड्ड्यांत झिंगे अडकून पडतात. उन्हं चढायच्या आत ते घमेल्यात पाणी घेऊन डोहात नेऊन सोडायचे. मागच्या खेपेला आम्ही नऊ घमेली नेली. दहाव्याला चुलत भावाचा पोरगा म्हणाला, "काका, एक वाटी तरी घरी न्यूया की." बिनअंड्याची उलटून-पालटून बघितली आणि एक वाटी नेली.