कथा लिहिणाऱ्याने वही कशी ठेवावी

वही महागाची घेऊ नका. पुठ्ठ्याच्या देखण्या वहीत कच्चं वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि टिपणं कच्चीच असतात. घरात शंभर पानी साधी वही आणि खिशात मावेल अशी छोटी डायरी, एवढ्यावर भागतं. मोबाइलवर टिपत असाल तर रात्री ते वहीत उतरवा, नाहीतर किराणा मालाच्या यादीखाली ते गाडलं जातं. टिपण उजव्या पानावर, तारीख आणि जागेसह. डावं पान कोरं सोडा. त्याचं काम पुढे येईल.

वह्या बंद पडतात त्या कंटाळ्याने कमी आणि भलतंच टिपल्याने जास्त. ‘आज काकू फार उदास वाटल्या’ हे टिपण सहा महिन्यांनी काही कामाचं राहत नाही, कारण त्यात काकू नाहीतच. तुमचं मत आहे. ‘काकूंनी चहा दिला. स्वतःसाठी कप काढला नाही. दोनदा ओटा पुसला’ असं लिहिलं तर काकू त्या पानावर राहतात. भावनेचं नाव आलं की ते खोडून त्या जागी हात, वस्तू किंवा बोलणं लिहायचं. सुरुवातीला दिवसाला तीन ओळी पुष्कळ झाल्या.

काय टिपायचं याचा सराव स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर करून बघा. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या असतात, कुणाची तरी तपासणी असते. एका महिन्याच्या पानावरून त्या घराबद्दल दहा ओळी लिहा, फक्त दिसतं तेवढ्याच. सलग आठ दिवस खाडे म्हणजे घर बंद होतं की घरातलं दूध पिणारं माणूस गेलं? एखाद्या तारखेला नुसतंच गोल केलेलं असतं, शेजारी एक अक्षर नाही. हे प्रश्न डाव्या पानावर जातात. उत्तरं तिथे लगेच लिहायची नाहीत.

ऐकलेलं बोलणं तासाभरात उतरवा. उशीर झाला की स्मरणशक्ती त्याला इस्त्री करते आणि ‘मी नाय येनार’चं ‘मी येणार नाही’ होऊन बसतं. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. टिपताना हात आपोआप ‘आले’, ‘गेले’ करतो आणि बाईचं गाव पुसलं जातं. वऱ्हाडात ‘काय करून राहिला?’, मालवणीत ‘खंय जातंस?’. बोलीचा जीव क्रियापदात आणि शब्दांच्या क्रमात असतो. म्हणून कथेत प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग वाकडं करायची गरज नसते. क्रियापदं नेमकी आली की वाचकाला सूर सापडतो. उलट सगळेच शब्द मोडतोड करून लिहिले तर वाचक अर्थ लावण्यातच दमतो आणि पात्र विनोदी वाटायला लागतं.

आता वाचन. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षीचा एक बाजार मिळाला आहे, आणि जुने अंक रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळतात. शिकण्यासाठी कथासंग्रहापेक्षा अंक बरा, कारण वेगवेगळ्या हातांच्या कथा शेजारी शेजारी असतात. आधी प्रत्येक कथेची फक्त पहिली पाच वाक्यं वाचा आणि लिहा: कोण, कुठे, आणि काय सांगायचं टाळलंय. मग आवडलेली एक कथा घ्या. पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल लांब ठेवून. दुसऱ्या वाचनात समासात काळ जिथे उडी मारतो तिथे उभी रेघ आणि लेखकाने मुद्दाम गाळलेल्या जागी गोल. शेवटी प्रत्येक परिच्छेदासमोर दोन गोष्टी: काय घडलं, काय कळलं. चांगल्या कथेत या दोन रकान्यांत बऱ्याचदा वेगळंच काहीतरी येतं. ते दिसायला लागलं की वाचन कामी आलं.

त्यातलं एक पान हाताने जसंच्या तसं उतरवून काढा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि शाळेतल्या शुद्धलेखनासारखं वाटतं, पण करा. मध्येच हात एखादं वाक्य बदलायला जातो, एखादं विशेषण घालायला बघतो. तिथे थांबा आणि खूण करा: ती तुमची सवय आहे, आणि ती तुमच्या प्रत्येक कथेत असणार.

टिपणावरून कथेकडे जाताना निदान महिन्याचं अंतर असलेली, एकमेकांशी संबंध नसलेली दोन टिपणं उचला आणि एकाच घरात ठेवा. घड्याळ लावून वीस मिनिटं, एक जागा, एक प्रसंग. एकच टिपण घेतलं तर त्याचा किस्सा होतो. दोन टिपणं भिडली की ‘का?’ तयार होतो. हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्याच परिच्छेदात पात्राचं बालपण सुरू करणं. ते लिहिल्याशिवाय राहवत नसेल तर डाव्या पानावर लिहा, कथेत आणू नका. खर्डा दहा दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा, आणि पहिला परिच्छेद हाताने झाकून कथा चालते का बघा. बऱ्याचदा चालते.

ओळखीचं माणूस कथेत येत असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. नातेवाईक नोकरीवरून, घराच्या जिन्यावरून ओळखतात. धंदा, गाव आणि घरातली माणसं तिन्ही बदला. लकब ठेवली तरी चालते.

वापरलेल्या टिपणावर तिरपी रेघ मारा, खोडू नका. वही भरली की न वापरलेली टिपणं पुढच्या वहीत हाताने उतरवायची, फोटो काढून नाही. उतरवताना कंटाळा आला तर ते टिपण तिथेच सोडा. तीन वह्यांतून पुढे आलेलं टिपण मात्र त्याच आठवड्यात लिहायला घ्या.