झडती समजते नं, मंग रॅपही समजन

पोळ्याले तोरणाखाली बैलजोड्या उभ्या रायल्या की आमच्या गावात झडत्या सुरू होतात, एक जण कापसाच्या भावावर चार ओळी फेकते, समोरचा सरपंचाले धरून चार ओळी परत फेकते, मंग हर बोला हर हर महादेव अन सारं गाव हसते. यमक कुठं पडलं, टोमणा कोणाले लागला, हे तिथल्या म्हाताऱ्यालेही बरोबर कळते. ज्याले हे कळते त्याचा कान रॅपसाठी अर्धा तयारच आहे. तरी पोट्टे विचारतेत, भाऊ रॅप ऐकायचं आहे पण सुरू कुठून करू, सगळं सारखंच वाटते.

सारखं वाटन नाई तं काय, वरातीच्या डीजेवर दारू, गाडी अन पोरगी एवढंच वाजते अन आपण त्यालेच रॅप समजतो. मीही फसलो होतो. कोणाची तरी जगातल्या शंभर बेस्ट रॅप गाण्यांची यादी डाउनलोड केली, सारी इंग्रजी, लावली फोनच्या स्पीकरवर, तेही शफल करून. तिसऱ्या गाण्यात मी कंटाळलो अन सरळ तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन लावलं. पुढचे दोन वर्षं रॅपचं नाव नाई काढलं.

म्हणून सांगून रायलो, जी भाषा कानाले आपोआप कळते तिच्यापासून सुरू कर. आपल्या अमरावतीचा सौआरबीएच ऐक, नाव लिहिते शंभरचा आकडा अन पुढं तीन इंग्रजी अक्षरं, पण शंभरले हिंदीत सौ म्हण, झालं सौरभ. नावातच कोटी आहे, आता गाण्यात किती असतील ते तूच मोज. मंग मुंबईच्या स्वदेशी ग्रुपचं द वारली रिव्होल्ट, आरेच्या जंगलावरचं, त्याच्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः आहेत. शाहिरी ऐकत मोठं झालेल्याले हे गाणं परकं वाटतच नाई.

तिथून हिंदीत ये. नेझीचं आफत 2014 चं, कुर्ल्याच्या या पोट्ट्यानं ते आयपॅडवरच रेकॉर्ड केलं अन व्हिडिओही त्याच्यावरच काढला. मंग 2015 चं डिव्हाइन अन नेझीचं मेरे गली में. गली बॉय पिक्चर पायला असशील तरी मूळ गाणं ऐकच, पिक्चर 2019 चा, गाणं त्याच्या आधीचं. आता खरी गंमत सांगतो, मेरे गली में चा बीट, म्हणजे शब्दांमागचा ताल अन संगीत, बनवला सेझ ऑन द बीट नावाच्या संगीतकारानं. दिल्लीच्या प्रभ दीपचा क्लास-सिख अल्बम 2017 चा, त्याचं संगीत पण सेझचं, अन सीधे मौत या दिल्लीच्याच जोडीचा बयान 2018 चा, तोही सेझचा. म्हणजे एका गाण्याचा बीट कोणी केला एवढं पायलं तं दोन पूर्ण अल्बम हाती लागले. ॲप तुले जे पुढं ढकलते ते ऐकण्यापेक्षा हे लय बरं. आवडलेल्या गाण्यात पाहुणा कोण गाऊन गेला तेही पाय, तो पाहुणा तुले त्याच्या गावाले घेऊन जाते.

इंग्रजी घाईनं नको. अन त्याच्या आधी हे सुरू कसं झालं तेवढं घे ध्यानात. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, सेजविक अव्हेन्यूच्या एका बिल्डिंगीत डीजे कूल हर्कच्या बहिणीनं शाळा सुरू व्हायच्या आधीची पार्टी ठेवली होती. हर्कनं पायलं होतं की गाण्यातला नुसत्या ढोल-ताशावानी तालाचा तुकडा आला की लोक जास्त नाचतेत, अन तो तुकडा तं काही सेकंदात संपते. म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावायचा, इकडं तुकडा संपला की तिकडं सुरू. त्या लांबवलेल्या तालावर माइकवर बोलणं वाढत गेलं अन त्याचं रॅप झालं. आपला ढोलवाला वरात रंगात आली की तोच ठेका धरून ठेवते नं, तसंच समज.

इंग्रजीतलं पहिलं ऐकायचं गाणं द मेसेज, 1982 चं, ग्रँडमास्टर फ्लॅश अन फ्युरियस फाइव्हचं. चाल सावकाश आहे, शब्द सुटे सुटे येतेत, वस्तीतली गरिबी दिसते. हे जमलं की नास या रॅपरचा इलमॅटिक अल्बम घे, 1994 चा, दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांत संपते, म्हणजे एसटीनं तालुक्याले जाईपर्यंत होते. लॉरिन हिलचा 1998 चा अल्बम गाणं आवडणाऱ्यासाठी, ती गाते पण अन रॅप पण करते. केंड्रिक लमार शेवटी ठेव. त्याच्या डॅम या अल्बमले 2018 मधी पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं, शास्त्रीय अन जॅझच्या बाहेरच्या संगीताले पहिल्यांदाच, पण मले विचारशील तं 2012 चा गुड किड मॅड सिटी आधी ऐक, अमेरिकेतल्या कॉम्प्टन शहरातल्या एका पोराची गोष्ट आहे, त्याच्या मायबापाचे फोनवरचे निरोपही मधी मधी येतेत.

ऐकायची रीत अशी, एकदा नुसतं ऐक, मंग गाण्याचे शब्द नेटवर काढून समोर ठेव अन परत ऐक. अर्थ समजला नाई तरी यमक कुठं आहे ते बोटानं दाखव, ओळीच्या शेवटीच नाई तं पोटातही असते. अल्बम शफल नको करू, गोष्ट मधातून वाचल्यावानी होते. शिव्या येतीन, फुशारक्याही येतीन. फुशारकी चालते, दुय्यममधी, म्हणजे दोन शाहिरांच्या सामन्यात, समोरच्या शाहिराले आपण काय कमी बोलतो का. पण बाईले वस्तू समजणारं गाणं मी बंद करतो, बीट कितीही भारी असो.

इअरफोन घे, दोनशेचा असला तरी चालते, फोनच्या स्पीकरवर बेस मरते. डेटा कमी असन तं तालुक्याले नेटवर्कमधी डाउनलोड करून आण, आमच्या वावरात तं टॉवर आहे का नाई तेच समजत नाई. अन थ्री फेज लाईन रातची असते, हरभऱ्याले पाणी द्यायले जाशील तेव्हा एकाच कानात घाल, दुसरा मोकळा ठेव. रानडुक्कर काही बीट देऊन येत नाई.