वणवा गेल्यावर जिवंत रोपं कशी ओळखायची

वणवा विझला की आमच्या गडचिरोलीकडे लगेच रोपं लावायची घाई होते. आधी खाली काय जिवंत आहे ते बघा. विरळ झाडं आणि मध्ये गवत अशा सवाना धाटणीच्या रानात साग, तेंदू, पळस यांची जळकी रोपं बहुतेक मेलेली नसतात. आग गवत-पालापाचोळा खात पटकन पुढे सरकते, चार बोटं खालची माती फारशी तापत नाही.

काळ्या काडीवर नख मारा. आत ओलं हिरवं दिसलं तर काडीसुद्धा वाचली. कोरडं तपकिरी असेल तर खुरप्यानं बुडाशी हळूच माती सारा. काडी करंगळीएवढी आणि खाली मुळी गाजरासारखी जाड असेल, तर रोप जुनं आहे. मुळीच्या गळ्याशी वाळक्या काड्यांचे खुंट चाचपा. दोन-तीन सापडले म्हणजे ते आधीही जळून फुटलंय. नवे डोळे तिथेच, मातीआड असतात. माती परत लोटून दाबून टाका. रोपवाटिकेतही सागाचा शेंडा छाटून, मुळीचा ‘स्टंप’ करूनच लावतात की!

गेल्या पावसाळ्यात बियांपासून उगवलेल्या रोपाची मात्र आशा कमी. मुळीत साठाच नसतो.

तेंदू पावसाआधीच फुटतो. कोवळ्या पानांसाठी आग लावतात ती म्हणूनच. सागाला पाऊस लागेपर्यंत मुदत द्या. तोवर लागवडीचे खड्डे नकोत. फावड्याखाली याच मुळ्या तुटतात आणि त्यांच्या जागी पिशवीतलं कोवळं रोप बसतं. हा व्यवहार मला कधी पटलेला नाही.

दरवर्षी आग आली तर रोप गुडघ्याएवढंच राहतं: फुटतं, जळतं, पुन्हा फुटतं. शेंडा ज्वाळेच्या वर गेला आणि साल जाड झाली की सुटलं. म्हणून छातीएवढी झालेली रोपं आधी निवडा, खुणेची चिंधी बांधा. 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतात. त्याआधी प्रत्येकाभोवती दोन हात गवत कापून पाला ओढून घ्या.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखाली पाला जाळतात, तेही थांबवा. माझी आई खराट्यानं पाला ओढते. वहिनी कुरकुरते, पहाटेचा वेळ जातो म्हणून. तिनं जुन्या साड्या अंथरायला सुरुवात केली आहे, फुलं मातीतही लोळत नाहीत.