हेळवी दारात आला तर शिधा देऊन लगेच वाटेला लावू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घराण्याची वंशावळ सांगणारे हेळवी सुगीनंतर अजूनही येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता गाडीवरून. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, मूळ गाव, कुलदैवत सगळं त्यांच्या वहीत असतं. विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा, पानांचे फोटो काढा आणि पुढच्या खेपेसाठी नंबर घ्या. वही कन्नडमध्ये असली तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

मात्र ऐकलेलं ताडून पाहा. पणजोबांच्या शाळेतलं जनरल रजिस्टर बघा, त्यात जन्मतारीख आणि जात मिळते. जमिनीसाठी आजची पहाणी (कर्नाटकातला सातबारासारखा उतारा) पुरत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, म्हणून जुने फेरफार आणि खातेउतारे तहसील कार्यालयात मागा. मोडीतला कागद निघाला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. अंदाजाने वाचलं की ‘रामजी’चा ‘रायाजी’ होतो.

घरातलं कोणी त्र्यंबकेश्वरला जाणार असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावाचं नाव आणि आडनाव सांगून नामावळी बघायला सांगा. आडनाव बदललेलं असेल तर जुनंही सांगा. आणि हो, सगळ्यांत आधी आज्जीला विचारा. सोयरीक कुठल्या गावात झाली, हे तिच्याइतकं कुणालाच आठवत नाही.