डिंभ काचेला चिकटत नाहीत? या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडची मुलं प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी कारवारहून समुद्राचं पाणी आणतात, जाळीतून बार्नकलचे (खडकांना, बोटींना चिकटून जगणाऱ्या कवचाच्या समुद्री प्राण्याचे) डिंभ, म्हणजे पोहणारी पिल्लं, गाळतात, ती चिकटावीत म्हणून भांड्यात काचेच्या पट्ट्या ठेवतात आणि आठवड्यानं हिरमुसून सांगतात, "सर, एकही चिकटला नाही."

आधी डिंभाचं वय बघा. बार्नकलचा नॉप्लियस, म्हणजे सुरुवातीचा डिंभ, सहा अवस्थांतून जातो आणि त्यातली एकही चिकटत नाही. चिकटतो तो पुढचा सायप्रिड, दोन शिंपल्यांत मिटल्यासारखा दिसणारा. नॉप्लियसला सूक्ष्म शैवाल हवंच. सायप्रिड मात्र काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतो. त्याला शैवाल घातलं तर पाणीच नासतं. जागा शोधण्यात ती शिदोरी सरली, तर चिकटल्यावरही पिल्लू अशक्त राहतं.

माझी स्वतःची चूक काचेची होती. पट्ट्या साबणानं लख्ख घासल्या आणि तिथेच फसलो. हायड्रॉइडिससारख्या नळीकृमीच्या डिंभाला जिवाणूंचा बुळबुळीत थर लागतो. कोरी काच तो सहसा नाकारतो. म्हणून पट्ट्या आधी काही दिवस समुद्राच्या पाण्यात मुरू द्या. बार्नकलचा डिंभ आपल्या जातीच्या प्रौढांची खूण शोधतो. त्यांच्या कवचातलं एक प्रथिन त्याला "इथे बस" असं सांगतं. बार्नकल लागलेला दगड मुरवलेलं पाणी वापरा, पण जिवंत प्रौढ त्याच भांड्यात सोडू नका. पायांच्या जाळीत ते डिंभही ओढून घेतात.

सगळ्यात जास्त गोंधळ मोजणीत होतो. सायप्रिड स्पृशांवर (डोक्यावरच्या मिशांवर) अक्षरशः चालतो, तात्पुरता चिकटतो, सुटतो, पुढे जातो. नंतर कायमचा सिमेंट सोडतो, आणि कात टाकल्यावरच रूपांतरण होतं. भिंगातून पांढरट पट्टिकांचा इवलासा शंकू दिसला तरच मोजा. चिकटणं आणि रूपांतरण या दोन वेगळ्या घटना आहेत: एपिनेफ्रिन (अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक) दिलेले कालवाचे डिंभ कुठेही न चिकटता रूप बदलतात. बार्नकल हा शिंपल्याचा नव्हे, खेकडा-कोळंबीचा नातलग, हे निसर्गअभ्यासक जॉन थॉम्पसननं 1830 मध्ये ओळखलं तेही हे रूपांतरण पाहूनच.

पाणी पावसाळ्यात आणू नका. कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी ते मचूळ झालेलं असतं. भांड्यातलं पाणी आटलं की समुद्राचं पाणी ओतू नका. मीठ उडत नाही, खारेपणा वाढत जातो. गोडं पाणीच घाला, मात्र क्लोरीन असलेलं नळाचं थेट नको.